मोजणारा कोण, आणि तो कुठे उभा आहे?

सरकारी प्रकल्पांच्या देखरेखीबद्दल एक समजूत सध्या सर्वमान्य झाली आहे. कामे रखडतात आणि निकृष्ट होतात, कारण वरच्यांची नजर पुरेशी कडक नसते. ती कडक केली की काम सुधारेल, अशी ती समजूत. अक्षांश-रेखांशासह काढलेले कामाचे फोटो, मंत्रालयातली वॉर रूम, पडद्यावर रोज बदलणारी टक्केवारी, २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुरू केलेली प्रकल्प आढाव्याची 'प्रगती' बैठक, ही सगळी त्याच समजुतीची अवजारे आहेत. ती टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. पण मोजमाप कोण घेतो, कुठे उभा राहून घेतो आणि कधी घेतो, हे प्रश्न या विचारात येतच नाहीत. ते येत नाहीत तोवर नजर कितीही वाढवली तरी हाती फारसे लागणार नाही, हे माझे म्हणणे आहे. ते तपासायला यंत्रमागांच्या भिवंडीइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही.

पूर्वपक्षाला आधी त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण देऊ, आणि तेही भिवंडीतलेच. २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीतले वीजवितरण महावितरणने टोरंट कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले. देशातला असा तो पहिला प्रयोग. त्या वेळी इथली वीजहानी सुमारे ५८ टक्के होती. शंभर युनिट वीज गावात सोडली तर निम्म्याहून अधिक युनिटांचा पैसाच वसूल होत नव्हता. ट्रान्सफॉर्मर जळण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. मागावर ज्याचे पोट आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही : वीज गेली की लूम थांबतो, आणि लूम थांबला की कामगाराची मजुरीही थांबते. पुढच्या काही वर्षांत ती हानी वीस टक्क्यांच्या खाली आली. पूर्वपक्ष म्हणतो, बघा, एक आकडा धरला, त्यावर लक्ष ठेवले, काम झाले.

काम झाले हे मला पूर्ण मान्य आहे. कारण मात्र वेगळे आहे. या करारात आत येणारी प्रत्येक युनिट मीटरवर मोजली जात होती आणि ठरल्या दराने तिचे पैसे महावितरणला द्यावे लागत होते. दुसऱ्या टोकाला, ग्राहकाच्या दारात, दुसरा मीटर होता. एकाच विजेची दोन टोकांना दोन मोजमापे झाली, आणि आत येणाऱ्या मीटरच्या दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध हितसंबंध असलेले दोन पक्ष उभे होते. आकडा फुगवला तर एकाचे नुकसान, दाबला तर दुसऱ्याचे. तो आकडा खरा ठेवला तो या रचनेने.

नजरच पुरेशी असती तर हाच फ्रँचायझीचा प्रयोग औरंगाबाद, जळगाव आणि नागपुरातही तसाच यशस्वी व्हायला हवा होता. तिथे तो कोलमडला. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये, जळगावचा २०१५ मध्ये आणि नागपूरचा २०१९ मध्ये संपुष्टात आला. माझ्या मते या तीन अपयशांतही त्या मोजमापाचा गुणच दिसतो. आत गेलेली वीज मोजलेली होती, त्यामुळे थकबाकी लपून राहिली नाही आणि अपयश दहा-वीस वर्षे 'प्रगतिपथावर' या शब्दाखाली झाकता आले नाही. चांगले मोजमाप यशाची हमी देत नाही, पण अपयश नाकारण्याची सोय काढून घेते. भिवंडीच्या कराराची मर्यादाही इथेच सांगायला हवी. त्यात मध्यभागी हानीचा आकडा होता, ग्राहकाचा विश्वास नव्हता. वीजबिलांवरून झालेली आंदोलने भिवंडीकरांनी पाहिली आहेत. जे मोजले ते सुधारले, जे मोजले नाही ते धुमसत राहिले.

आता वीज सोडून रस्त्यावर या. रस्त्याचे काम मोजले जाते ते मोजमाप पुस्तिकेत, ज्याला बांधकाम खात्यात सगळे नुसते एम.बी. म्हणतात. त्यातले पान एकदा नीट पाहावे. कामाची बाब, संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण. कनिष्ठ अभियंता टेप धरून नोंद करतो, उपअभियंता त्यातली काही मोजमापे पुन्हा तपासतो, सही होते, चालू देयक निघते. हे पान आपल्या जागी चोख आहे. ठेकेदाराला किती पैसे द्यायचे एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ते बनले आहे. पण समजा, जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा काँक्रीटचा थर चढवला. जाडी बरोबर भरली, परिमाण बरोबर आले. रस्ता मात्र कडेच्या लूमच्या गाळ्यांपेक्षा वीतभर उंच झाला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गाळ्यात शिरले. लूमचे बीम भिजले, सुताचे नुकसान झाले, मोटर उघडून वाळवावी लागली. त्या गाळ्यात शिरलेल्या पाण्यासाठी एम.बी.मध्ये रकाना नाही. भौतिक प्रगती शंभर टक्के, आर्थिक प्रगती शंभर टक्के, उपयोगिता प्रमाणपत्र रवाना. यावर वरून कितीही कॅमेरे लावा, ते त्याच पानाचा फोटो अधिक स्वच्छ काढतील.

भिवंडी–वाडा–मनोर या सुमारे ६४ किलोमीटरच्या रस्त्याने हे सगळ्यांत कडवटपणे दाखवले. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावरचा हा रस्ता. टोलनाक्यावर प्रत्येक गाडी मोजली जाई, कारण पैसा गाडीला लागलेला होता. रस्त्याची अवस्था तितक्याच बारकाईने मोजून, टोल भरणाऱ्यापुढे महिन्याच्या महिन्याला कुणी मांडली असती, तर खड्ड्यांत माणसे जाईपर्यंत आणि लोक रस्त्यावर उतरेपर्यंत थांबावे लागले नसते. टोल २०१९ मध्ये बंद झाला, खड्डे राहिले. पुढे १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा, आणि ती रक्कम जबाबदार ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. रस्त्याचे मूल्यमापन न्यायालयाला मृत्यूच्या बाजूने करावे लागले, कारण वापराच्या बाजूने ते कोणी केलेच नव्हते. मला ही आपल्या प्रशासनाची फार मोठी हार वाटते.

भिवंडीत आणखी एक गुंता आहे. ठाण्याहून निघालेला टेम्पो वाड्याकडे जाताना महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभाग अशा अनेक हद्दी ओलांडतो. प्रत्येकाचा आढावा वेगळा, प्रत्येकाची टक्केवारी वेगळी, आणि प्रत्येकाचा तक्ता आपल्यापुरता समाधानकारक असू शकतो. मानकोली, रांजनोली किंवा अंजूरफाट्याला तासन् तास अडकलेल्या चालकाचा वेळ कुणाच्याच तक्त्यात नसतो, कारण तो कुणा एकाच्या हद्दीत वाया जात नाही.

हे सगळे भिवंडीपुरते आहे असे म्हणणाऱ्याने राज्याच्या सिंचनाचा इतिहास आठवावा. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दशकभरातली सिंचित क्षेत्राची वाढ अवघी ०.१ टक्का दिसली आणि सुमारे ७० हजार कोटींच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र, नोव्हेंबर २०१२ ची श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांचे विशेष तपास पथक हे सर्व त्याच काळातले. त्या वादात एक फरक ठळक झाला : धरणाच्या भिंतीपाशी 'निर्माण झालेली सिंचन क्षमता' मोजली जाते, शेतात पोचलेले पाणी मोजले जात नाही. आढावा बैठका तेव्हाही होत होत्या.

खरे तर मूल्यमापनाचा शहाणा मार्ग आपल्याच भूमीत फार आधी आखला गेला होता. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालवा किती मैल खणला हे त्यांना विचारायचे नव्हते. कालव्याखालच्या भागात पीक, रोजगार, व्यापार यांत काय बदलले आणि कालव्याबाहेरच्या भागात काय होते, ही तुलना त्यांनी मांडली. बांधणाऱ्या खात्याबाहेरचा मोजणारा, लाभाच्या जागी जाऊन, काम संपल्यावर बऱ्याच काळाने मोजतो आहे. माझा सिद्धान्त याहून नवा नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की वापरणाऱ्या लोकांना तांत्रिक काय कळते, आणि त्यांना मध्ये घेतले तर कामे अडतील. या आक्षेपाचे उत्तर ठाणे जिल्ह्यानेच दिले आहे. २००७ च्या सुमारास राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होते. गावकऱ्यांना औषधशास्त्र विचारले नव्हते. डॉक्टर हजर होता का, औषध मिळाले का, बाहेरून आणायला सांगितले का, पैसे मागितले का, एवढेच विचारले आणि उत्तरे जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. रस्त्यासाठी काँक्रीटची मजबुती प्रयोगशाळेनेच तपासावी. पण भिवंडीतल्या वंजारपट्टी नाक्यावरचा दुकानदार पाणी किती दिवस साचले हे कोणत्याही अभियंत्यापेक्षा नेमके सांगू शकतो. दुसरा आक्षेप दुरुपयोगाचा : काही माणसे माहिती अधिकाराचा अर्ज खंडणीसाठी वापरतात, हेही खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे तीच माहिती कुणी न मागता सगळ्यांसाठी खुली ठेवणे, म्हणजे ती दाबून ठेवण्याचा भाव उरत नाही.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. ठेकेदाराची अनामत सोडण्यापूर्वी दोन पावसाळ्यांनंतरचे एक मोजमाप सक्तीचे करावे. ते बांधणाऱ्या खात्याने घेऊ नये. त्यात वापराचेच प्रश्न असावेत : संध्याकाळी अंजूरफाट्याहून कल्याण नाक्याला पोचायला किती वेळ लागतो, गाळ्यांत पाणी शिरले का, किती वेळा पुन्हा खोदले. आणि टक्केवारी जाहीर करताना ती कशाची, हे दर वेळी सांगावे. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो ५ ही मूळ आराखड्यात २४.९ किलोमीटरची, ८,४१६ कोटींची मार्गिका होती. भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झाले. काम मात्र ठाण्यातले कापूरबावडी ते भिवंडीतला धामणकर नाका या पहिल्या टप्प्यात चालले आणि प्रगतीचा आकडाही त्या टप्प्याचा सांगितला जातो. कल्याणच्या प्रवाशाला त्या आकड्याचा काहीच अर्थ नाही.

धामणकर नाक्याच्या पुढचा, कल्याणपर्यंतचा टप्पा अजून व्हायचा आहे, तेव्हा तिथे अजून वेळ गेलेली नाही. त्या पट्ट्यातला लूम कामगार आज पाळीवर कसा पोचतो, किती वेळ आणि किती भाडे घालतो, शेअर रिक्षाने किती जातात, पायी किती, याची नोंद कुणा महाविद्यालयाने किंवा संशोधन संस्थेने आत्ताच करून जाहीर करावी. खांब उभे राहून रहदारी वळवली गेली की ही आजची स्थिती पुन्हा मोजता येणार नाही, आणि मग मेट्रोने भिवंडीला काय दिले हे ठरवायला एमएमआरडीएकडेही आधार नसेल आणि भिवंडीकराकडेही.