दारूगोळ्याच्या कारखान्यातले औषध

वजन उतरविण्याच्या औषधांचा इतिहास पाहू गेल्यास दवाखान्याच्या आधी कारखान्यात शिरावे लागते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हे पिवळे रसायन स्फोटकांत वापरीत असत. ते हाताळणाऱ्या कामगारांना दरदरून घाम सुटे, अंग तापे, वजन झरझर उतरे. कित्येक जण दगावले. वजन उतरणे हे तेथे विषबाधेचे लक्षण मानले गेले.

१९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कटिंग व टेंटर या संशोधकांनी तेच रसायन लठ्ठपणावर वापरून पाहिले. वजन खरोखरच उतरले! टेंटर यांच्याच अंदाजाप्रमाणे पुढच्या वर्षापर्यंत निदान एक लाख अमेरिकनांनी ते घेतले होते. १९०६ चा तेथील औषधकायदा रोगांवरील औषधांपुरता होता आणि लठ्ठपणा रोगांत मोडत नव्हता. सबब डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही ते मिळे.

वजन उतरे ते कसे? अन्नातली शक्ती शरीरातील पेशी कामासाठी बांधून ठेवतात. हे रसायन त्या बांधणीतच खीळ घालते आणि शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. गिरणीतला पट्टा निसटावा, कोळसा जळत राहावा, इंजिन धडधडावे आणि मागावर वीतभरही कापड निघू नये, तसा हा प्रकार. मात्रा थोडी वाढली की ताप चढतो आणि त्याला उतारा नाही. १९३५ पासून हे औषध घेणाऱ्या तरुण स्त्रियांना मोतीबिंदू झाल्याची वृत्ते येऊ लागली. अखेर १९३८ च्या नव्या कायद्याने त्याची राजरोस विक्री थांबली. चोरटी विक्री मात्र पुढेही चालू राहिली. ब्रिटनला २०२३ साली हे रसायन नियंत्रित विषांच्या यादीत घालावे लागले.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की काटा खाली आला हा गुणाचा पुरावा नव्हे. घाम काढणारा पट्टा आणि जुलाबाचे चूर्ण यांनीही काटा खाली येतो. उतरते ते पाणी. चार पेले पाणी प्यायले की वजन पूर्ववत्. चरबी जागच्या जागी राहते. म्हणून विक्रेत्याला विचारावे: यात काय घातले आहे? उतरते ते नेमके काय? किती माणसांवर, किती काळ आणि कोणी तपासले? ‘गुप्त नुस्खा’ आणि ‘खाणे न सोडता, हालचाल न करता’ हे शब्द आले की पैशाची पिशवी आवळावी. आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे. ती जाहिरात करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो, हे ग्राहकाला ठाऊक असावे.

फ्रान्समधल्या कामगारांनी या रसायनाची परीक्षा आपल्या देहावर आधीच दिली होती आणि तिचा निकालही लागला होता. बाजारात नवे औषध आले की ते घडवणाऱ्या हातांचे काय झाले, हे आधी विचारावे.