रायरेश्वराची माती आणि चित्रकाराची पेटी

मराठी प्रदेशातील चित्रकलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा तीन अंगांनी लिहिला जातो. आश्रयदाता कोण होता, चित्रांचे विषय कोणते आणि शैली कोठून आली, हे ते तीन प्रश्न. चित्र कशाने काढले, हा चौथा प्रश्न सहसा विचारला जात नाही. रंग कोणत्या दगडाचा वा झाडाचा, तो कशात कालवला, कोणत्या पृष्ठावर लावला आणि तेथे तो का टिकला किंवा का टिकला नाही, याची चर्चा कारागिरीच्या खात्यात टाकून समीक्षक मोकळा होतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे खटकायला हवे. पोथीची पाठचिकित्सा करताना कागद, शाई आणि लेखनिकाच्या सवयी यांचा विचार आपण आवश्यक मानतो. चित्राची वेळ आली की मात्र 'रंगसंगती मनोहर आहे' एवढ्यावर समाधान मानतो. हा चौथा प्रश्न विचारल्यास इतिहास कसा दिसतो, हे एका लहानशा भूभागाच्या आधाराने पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील दोन सह्याद्रीलगतचे तालुके. वेल्ह्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. राजगड, तोरणा आणि रोहिडा या किल्ल्यांमुळे इतिहासाच्या वाचकाला हा मुलूख परिचित आहे. भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे ठाणे. हे संस्थान 1948 साली भारतीय संघराज्यात विलीन झाले. भोर तालुक्यातच रायरेश्वराचे पठार आहे. स्वराज्याच्या शपथेच्या परंपरागत कथेमुळे ते प्रसिद्ध आहे. तेथे जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवली जाते, ती म्हणजे सात रंगांची माती. थोड्याशा जागेत पिवळट, तांबडी, जांभळट, करडी, पांढुरकी अशी माती उघडी पडलेली दिसते. पर्यटक मूठभर माती हातावर घेतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. चित्रकाराने मात्र तेथे थोडे थांबावे, कारण रंगाच्या पेटीचा आरंभ तेथे आहे.

सह्याद्रीचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातले लोह ऊन-पावसाने गंजले की मातीला रंग येतो. लोहाच्या संयुगात पाणी बांधलेले असेल तर माती पिवळी दिसते, ते निघून गेले की तांबडी. म्हणूनच पिवळी माती तव्यावर पुरेशी भाजली तर ती गेरूकडे झुकते. रंग करण्याची रीतही साधी आहे. माती कुटायची, पाण्यात ढवळायची, जड वाळू तळाशी बसू द्यायची आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून घ्यायचे. त्यातून खाली बसणारा मऊ गाळ वाळवून खलला की रंगाची भुकटी तयार होते. हे जितक्या वेळा करावे तितकी भुकटी बारीक आणि रंग स्वच्छ. अशा मातकट रंगांचा मोठा गुण असा की ते उन्हाने उडत नाहीत आणि चुन्याने बिघडत नाहीत. अजिंठ्याचा तांबडा आणि पिवळा याच जातीचा आहे. तेथील हिरवा रंगही मातीचाच, आणि त्या जातीचे हिरवे खनिज याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडते. निळ्यासाठी मात्र पाचव्या शतकातील चित्रकारांना अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दावर अवलंबून राहावे लागले. एका भिंतीवर स्थानिक माती आणि दूरदेशीचा दगड शेजारी शेजारी येतात, तेव्हा ती भिंत व्यापाराचाही दस्तऐवज होते.

या ज्ञानाची लिखित परंपरा आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ मराठीच्या अभ्यासकाला माहीत असतो, तो त्यातील जुन्या मराठीच्या नमुन्यांमुळे. त्याच ग्रंथात चित्रकलेचे सविस्तर प्रकरण आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. भिंत कशी गुळगुळीत करावी, म्हशीचे कातडे उकळून 'वज्रलेप' नावाचा सरस कसा सिद्ध करावा, काजळ आणि भाताच्या लगद्यापासून रेखाटनाची कांडी कशी वळावी, वासराच्या कानाच्या केसांचा कुंचला कसा बांधावा, हे सारे तेथे क्रमाने येते. पांढऱ्यासाठी शंख, तांबड्यासाठी हिंगूळ, लाख आणि गेरू, पिवळ्यासाठी हरताळ आणि काळ्यासाठी काजळ, अशी शुद्ध वर्णांची मांडणी आहे. मिश्रणे त्यानंतर येतात. एका राजाने आपल्या ग्रंथात चित्रकलेला स्थान दिले आणि तिचे वर्णन करताना सरस उकळण्यापासून सुरुवात करणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. रसचर्चा आणि सामग्रीचर्चा यांत आज आपण जी भिंत उभी केली आहे, ती त्या ग्रंथात नाही.

ही सामग्री आपल्या भाषेतही मुरली आहे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. हरताळ म्हणजे गंधक आणि सोमल यांचे पिवळे खनिज. पोथीत अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देई आणि त्यावर पुन्हा लिही. चित्रकाराचा तेजस्वी पिवळा लेखनिकाच्या हाती खोडण्याचे साधन झाला आणि भाषेत तो विध्वंसाचे रूपक बनला. हे खनिज विषारी आहे, आणि शिसे वा तांबे असलेल्या रंगाच्या संगतीत ते काळपट पडते. म्हणजे कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा, हा निर्णय केवळ डोळ्याचा नव्हता. 'नीळ' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. आधी ती वनस्पतीपासून काढलेली होती. पुढे कपड्यांना देण्याच्या कारखानी निळ्या भुकटीलाही तेच नाव मिळाले. वस्तू बदलली आणि शब्द टिकला. जुन्या कागदपत्रांत 'नीळ' वाचताना ती कोणती, हे काळ पाहूनच ठरवावे लागते.

भोरहून मांढरदेवीचा घाट उतरले की वाई येते, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा अठराव्या शतकातील वाडा आहे. त्याच्या भिंतींवरील चित्रे उत्तर-मराठेशाहीतील चित्रकलेचा महत्त्वाचा अवशेष मानली जातात. भिंतीवर रंगवण्याच्या दोन मूळ रीती आहेत. ओल्या चुन्यावर रंग लावला तर चुना सुकताना हवेतील कर्बवायू घेऊन दगडासारखा होतो आणि रंग त्यातच कोंडला जातो. येथे चिकट द्रव्य लागत नाही, पण वेळ थोडा असतो आणि चुन्याला सोसणारेच रंग चालतात. सुक्या भिंतीवर काम करायचे तर डिंक किंवा सरस हवा. त्यात सवड मिळते, बारीक काम होते आणि अधिक रंग चालतात, पण दमट हवेत सरस फुगतो, त्यावर बुरशी धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. ज्या मुलखात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, तेथे हा फरक चित्राच्या आयुष्याचा प्रश्न ठरतो. वाड्याची पुढे आलेली वळचण, आतल्या दालनाची निवड आणि भिंतीचा श्वास घेणारा चुना, ही सगळी त्या चित्राचीच सामग्री समजली पाहिजे.

हा धागा तुटला तो हळूहळू. 1790 नंतरच्या काही वर्षांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने केलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्याच काळात गंगाराम तांबट याने ब्रिटिश वकील मॅलेट याच्यासाठी कागदावर वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. येथे भिंतीची जागा कागदाने घेतली आणि पाहण्याची रीतही बदलली. 1857 साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. त्याआधीच, 1841 मध्ये, जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने तैलरंगासाठी दाबता येणारी धातूची नळी काढली होती, आणि कृत्रिम निळे रंग युरोपात बाजारात आले होते. यानंतर रंग खलणे हा चित्रकाराच्या शिक्षणाचा अनिवार्य भाग राहिला नाही. 1931 साली मुंबईत शाईपासून आरंभ केलेल्या दांडेकरांच्या कॅमलिनने पुढे रंगही बनवले आणि नळी शाळेतल्या मुलाच्या दप्तरात पोहोचली. याचे दुःख करण्याचे कारण नाही. हौशी माणसाला चित्र काढणे शक्य झाले ते या नळीमुळे. पण तिच्यासोबत एक अज्ञानही घरोघर गेले, आणि त्याची किंमत जुन्या चित्रांनी मोजली.

अजिंठ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तेथील चित्रे सुक्या पृष्ठावर चिकट द्रव्याने रंगवलेली आहेत. 1920 नंतर निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञांना तेथे बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवण्याचे मोलाचे काम केले, पण चित्रांवर लाखेचे रोगणही दिले. काळाने ते पिवळे पडले, त्यात धूळ धरली गेली आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पिवळेपणातून अजिंठा पाहिला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते थर काढण्यात अनेक वर्षे घालवावी लागली. अजिंठ्याच्या उबदार, सोनेरी छटेवर लिहिले गेलेले रसाळ परिच्छेद आठवले की प्रश्न पडतो: त्यातले किती चित्रकाराबद्दल होते आणि किती रोगणाबद्दल?

अजिंठ्याला निदान तज्ज्ञ मिळाले. गावोगावच्या देवळांना आणि वाड्यांना जीर्णोद्धार मिळतो. जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा होतो, त्यावर चकचकीत तैलरंग चढतो. हेतू भक्तीचा असतो. परंतु सिमेंट आणि तैलरंग भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाहीत. ती आतच क्षार साठवते आणि दोन-चार पावसाळ्यांत नवा रंगही फुगून गळू लागतो. त्याखाली एखादे चित्र असेल तर ते त्याच्यासोबत जाते. दुष्टाव्याने एवढा नाश क्वचितच होतो. तो होतो चुना, सरस आणि पाणी यांचे नाते विसरल्यामुळे.

म्हणून चित्रकलेवर लिहिणाऱ्याने, मग तो साहित्याचा प्राध्यापक का असेना, एकदा तरी हाताने रंग करून पाहावा असे वाटते. रायरेश्वराची माती खणून आणण्याची गरज नाही, आणि ती आणूही नये. बाजारात मिळणारा गेरू पुरे. तो निथळून घ्यावा, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवावा आणि कागदावर लावावा. डिंक कमी पडला तर सुकल्यावर रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर थर चकाकतो आणि तडकतो. या दोन टोकांमधले प्रमाण सापडेपर्यंत चार-सहा कागद वाया जातात. एवढे झाल्यावर मेणवलीच्या भिंतीसमोर उभे राहिले म्हणजे रेषेची लय दिसतेच, आणि ती रेषा ओढताना कारागिराला किती अवधी होता, हेही कळू लागते. आपल्या समीक्षेला या माहितीची गरज आहे, आणि त्या भिंतींना तर ती त्याहून अधिक आहे.