सणाच्या ताटातील इतिहास



इतिहास म्हटला की सनावळ्या, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु इतिहासाचे एक साधन दररोज दोन वेळा आपल्यासमोर येते. ते म्हणजे आपले जेवणाचे ताट.

ईदनंतर शाळा भरली तेव्हा नववीच्या वर्गातील एका मुलाने डब्यात सांदणे आणली होती. शेजारच्याने सहज विचारले, "हा तुमच्यातला पदार्थ ना?" विचारण्यात वाईट हेतू नव्हता, पण 'तुमच्यातला' या शब्दाने डबा पुढे करणारा हात मागे आला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा मालवणकडचा मुलगा म्हणाला, "आमची आजी पण सांदणे करते, फणसाची!" डबा पुन्हा पुढे आला. पुढच्या तासाला मी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि मुलांना जे सांगितले, तेच आपणापुढे थोडक्यात मांडतो.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन असून 'मंडक' या पदार्थाचा उल्लेख आहे. हेच आपले मांडे. खानदेशात आजही सुगरणी उलट्या खापरावर मांडे भाजतात. म्हणजे कित्येक राजवटी आल्या आणि गेल्या, परंतु खापर चुलीवरून उतरले नाही.

1333 साली हिंदुस्थानात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की, येथील लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून त्यावर तूप घेतात व त्यास 'किश्री' म्हणतात. पुढे अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त याच खिचडीचे प्रमाण आढळते: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी 5 शेर! गरिबाच्या चुलीवरची खिचडी बादशहाच्या मुदपाकखान्यात गेली. फरक पडला तो तुपात.

आता जिलेबी पाहा. अरबीतील 'जलाबिया' आणि फारसीतील 'जुलबिया' हे तिच्या नावाचे मूळ. ही परदेशी पाहुणी येथे किती लवकर रुळली, याचा शोध आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील थोर संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. पंधराव्या शतकातील एका जैन कथाग्रंथात मेजवानीच्या पदार्थांमध्ये जिलेबी आहे. सतराव्या शतकातील रघुनाथ पंडिताच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथातही तिची कृती सापडते. आज लग्नाच्या पंगतीत जिलेबीला कोणी तिचा मुलूख विचारीत नाही.

सर्वांत मोठी गंमत उपवासाच्या ताटात आहे. साबूदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि मिरची या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यानंतरच या वस्तूंना आपल्या किनाऱ्याची वाट सापडली. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा येई तो मुख्यतः मिरी, आले आणि पिंपळी यांमुळे. तरीही एकादशीची खिचडी आज पूर्णपणे आपली आहे, यात कोणाला शंका आहे काय?

तीच गोष्ट शीरखुर्म्याची. फारसीत 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. नाव इराणचे खरे, परंतु त्यात पडणारी चारोळी आपल्या जंगलातली, दूध आपल्या गोठ्यातले आणि शेवया घरच्या बायकांनी उन्हात वाळविलेल्या. त्या शेवया मोहल्ल्यात वळल्या जातात, तशाच वाड्यातही.

वाचकहो, ज्याला आपण फक्त 'आपले' समजतो त्यात कितीतरी दूरचे आहे, आणि ज्याला 'त्यांचे' म्हणून बाजूला सारतो त्यात कितीतरी आपले आहे. पदार्थ कोठून आला हे जाणून घ्यावे, पण तेवढ्यावरून तो परका ठरत नाही. ज्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या रांधला गेला, त्या घराचा तो झाला.

विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. राजांच्या मुदपाकखान्याची नोंद ठेवायला अबुल फजल होता; आपल्या आजीच्या चुलीची नोंद कोण ठेवणार? येत्या सुट्टीत एक वही घ्या. आजी, नानी, दादी यांच्याजवळ बसा. सणाचा पदार्थ, त्याचे नाव, माप आणि भांडे लिहून ठेवा. तो कोणाकडून शिकला हेही विचारा. त्या उत्तरात शेजारणीचे नाव निघाले, तर तेही अवश्य लिहा. कारण तो आपल्या गावाचा इतिहास आहे, आणि तो दुसरे कोणी लिहिणार नाही.