एका म्यानात दोन तलवारी: अमेरिकन फुटबॉलमधील वारसदार आणि वेतनमर्यादेचा इतिहास

१/ अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची गादी क्वार्टरबॅककडे असते. ती थकत चाललेल्या नायकाकडून तरुण वारसदाराकडे केव्हा सोपवावी, हा प्रश्न गेली तीस वर्षे केवळ पराक्रमाचा उरलेला नाही. तो हिशेबाच्या वहीचाही झाला आहे. हे कसे घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू. #थ्रेड #इतिहास

२/ प्रथम खेळाविषयी थोडेसे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याच्याशी या खेळाचे साम्य नावापुरतेच आहे. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू येऊन सुरू होते. तो कोणाकडे फेकावा की धावणाऱ्याकडे सोपवावा, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. संघात ५३ खेळाडू असले, तरी मैदानावर ही जागा एकाचीच. दोन थोर क्वार्टरबॅक एकाच संघात असणे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी.

३/ सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने असे म्यान काही वर्षे सांभाळले. जो मोंटाना हा त्यांचा नायक. त्याच्या काळात संघाने चार सुपर बोल जिंकले. १९८६ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि १९८७ मध्ये संघाने टॅम्पा बेकडून स्टीव्ह यंगला आणले. पुढची चार वर्षे यंग बहुतांशी बाकावरच बसला. तेव्हा पगारावर वरची मर्यादा नव्हती. मालकाची तिजोरी भरलेली असेल, तर राजा आणि युवराज दोघांनाही सांभाळता येत असे.

४/ परंतु त्या व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर होती. करार संपल्यावरही खेळाडूला मोकळेपणाने दुसऱ्या संघात जाता येत नसे. १९८७ चा संप फसला, तेव्हा खेळाडूंनी न्यायालयाची वाट धरली. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनीॲपोलिस येथील ज्यूरीने फ्रीमन मॅकनील आदी खेळाडूंच्या खटल्यात हे निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात, असा कौल दिला. त्यानंतर रेजी व्हाइट याच्या नावाने दाखल झालेल्या दाव्यातून तडजोड झाली आणि १९९३ मध्ये नवा करार अस्तित्वात आला.

५/ खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्याच्या मोबदल्यात मालकांना सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, मिळाली. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती; २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाखांवर पोहोचली. आयपीएलच्या लिलावात संघांच्या खर्चाला मर्यादा असते, तसेच हे तत्त्व. एकाला अधिक दिले, तर उरलेल्यांच्या वाट्याला कमी येणार.

६/ मोंटाना मात्र मर्यादा लागू होण्यापूर्वीच गेला होता. कोपराच्या दुखापतीने त्याचे १९९१ पूर्ण आणि १९९२ जवळजवळ पूर्ण वाया गेले. त्या अवधीत यंग लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाकावर बसणे मोंटानाला मान्य नव्हते. एप्रिल १९९३ मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला. सप्टेंबर १९९४ मध्ये त्याने आपल्या जुन्या संघाला हरवले. जानेवारी १९९५ मध्ये यंगने सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास फेकले आणि वारशाचा वाद मिटवला.

७/ आता वहीतील एक कलम समजून घेऊ. कराराच्या वेळी हाती पडणारा बोनस मर्यादेच्या हिशेबात अनेक वर्षांवर विभागता येतो. समजा, ५ कोटींचा बोनस पाच वर्षांवर विभागला आणि खेळाडू दोनच वर्षांत गेला, तर उरलेले ३ कोटी संघाच्या माथी येतात. याला ‘डेड मनी’ म्हणतात. माणूस जातो, त्याची रक्कम वहीत राहते. त्यामुळे जुन्या नायकाला ठेवणे महाग आणि काढणेही महाग, असा पेच निर्माण होतो.

८/ मोठा करार म्हणजे गादीची हमी नव्हे, हे २००१ मध्ये दिसले. मार्चमध्ये न्यू इंग्लंडने ड्रू ब्लेडसोशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाखांचा करार केला. सप्टेंबरमध्ये तो जबर जखमी झाला. त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, त्याचा क्रमांक १९९ वा होता. फेब्रुवारी २००२ मध्ये ब्रेडीने सुपर बोल जिंकला. एप्रिलमध्ये ब्लेडसोची रवानगी बफेलोला झाली.

९/ तरीही २०१० पर्यंत वारसदार स्वस्त मिळेलच, असे नव्हते. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला, एकही सामना खेळण्यापूर्वी, ५ कोटी डॉलरची हमी मिळाली. जुन्या खेळाडूंना हे खटकत होते. २०११ च्या करारात नवोदितांच्या पगाराची श्रेणी ठरवण्यात आली. त्या वर्षीचा पहिला क्रमांक कॅम न्यूटन. त्याच्या चार वर्षांच्या कराराची रक्कम सुमारे २ कोटी २० लाख होती. शिवाय ड्राफ्टमधून आलेल्याने पहिली तीन वर्षे करार बदलून मागायचा नाही, असा नियम झाला.

१०/ हेतू होता सिद्ध झालेल्या खेळाडूंच्या पदरी अधिक पैसा पडावा. त्याचा एक परिणाम उलटा झाला. २०१२ मध्ये सिएटलने तिसऱ्या फेरीत रसेल विल्सनला निवडले. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे ३० लाख डॉलरचा होता. क्वार्टरबॅकवर वाचलेला पैसा भक्कम बचावफळीसारख्या इतर जागांसाठी मोकळा राहिला. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये सिएटलने डेन्व्हरला ४३-८ असे लोळवले. तेव्हापासून ‘स्वस्त क्वार्टरबॅकची वर्षे’ हा संघबांधणीचा महत्त्वाचा काळ मानला जाऊ लागला.

११/ ग्रीन बेमध्ये दोन काळ शेजारी ठेवून पाहता येतात. ॲरन रॉजर्स २००५ मध्ये आला, ब्रेट फार्वमागे तीन वर्षे थांबला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये विजेता झाला. २०२० मध्ये त्याच रॉजर्सच्या मागे जॉर्डन लव्हला निवडण्यात आले. रॉजर्सने २०२० आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. तरी २०२३ मध्ये त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवण्यात आले. ग्रीन बेच्या वहीत त्याच्या नावे सुमारे ४ कोटी डॉलर राहिले.

१२/ मग महागडा क्वार्टरबॅक घेऊन जिंकताच येत नाही काय? येते. कॅन्सस सिटीने २०२० मध्ये पॅट्रिक महोम्सशी दहा वर्षांचा, ४५ कोटींचा करार केला आणि त्यानंतर २०२२ व २०२३ या हंगामांची विजेतेपदे पटकावली. लांबलचक करारामुळे रक्कम पुढच्या वर्षांवर ढकलण्यास वाव राहिला. तरीही २०२२ मध्ये टायरीक हिलसारखा मोहरा मायामीला द्यावा लागला.

१३/ आणि विल्सन? २०२२ मध्ये डेन्व्हरने त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या, वर २४ कोटींहून मोठा करार दिला. मार्च २०२४ मध्ये त्याला काढले, तेव्हा साडेआठ कोटींचे डेड मनी दोन वर्षांवर पसरले. लगोलग बो निक्सची निवड झाली. त्याचा चार वर्षांचा संपूर्ण करार २ कोटींच्याही आत. गेलेल्या माणसाची रक्कम वहीत असतानाच डेन्व्हरने बाद फेरी गाठली.

१४/ २०११ च्या वाटाघाटी झाल्या, तेव्हा विल्सन महाविद्यालयात खेळत होता. जे अद्याप लीगमध्ये आलेच नव्हते, त्यांचे वेतन ज्येष्ठांनी मालकांशी बोलून ठरवले. ज्येष्ठांचा हिस्सा वाढावा म्हणून धाकट्यांना स्वस्त केले. आणि स्वस्त धाकटा हाच थकलेल्या ज्येष्ठाला दूर करण्याचे सर्वांत मोठे कारण बनला. विल्सनने या नियमाची दोन्ही टोके अनुभवली.

१५/ कामगार करारांच्या इतिहासात अनुपस्थितांच्या वाट्याचे असे सौदे इतरत्रही आढळतात. आपल्या वाचनात अशी उदाहरणे असतील, तर खाली अवश्य लिहा. (समाप्त)