अथेन्सचा उकाडा मोजताना

अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या पश्चिमेला निम्फांची टेकडी आहे. बॅरन गेऑर्गिओस सिनास यांच्या देणगीतून १८४२ मध्ये तिथे वेधशाळेचा पाया घातला गेला. वेधशाळा मुळात ताऱ्यांसाठी. हवामान हे तिचे जोडकाम. देमेत्रिओस एगिनितिस १८९० मध्ये संचालक झाले आणि त्याच वर्षापासून थिसियो भागातल्या या टेकडीवर तापमानाची अखंड नोंद सुरू झाली.

तापमापक जागचा हलला नाही. हलले ते भोवतालचे शहर. १८३४ मध्ये राजधानी झाली तेव्हा अथेन्स एक लहानसे गाव होते. १९२२ नंतर आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आले. १९२९ च्या कायद्याने इमारतीतल्या एकेका सदनिकेची स्वतंत्र मालकी शक्य झाली. महायुद्धानंतर 'अँटिपारोखी' फोफावली: मालकाने जागा द्यायची, बिल्डरने इमारत बांधायची आणि मोबदल्यात मालकाला काही फ्लॅट मिळायचे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा व्यवहार समजावून सांगायची गरज नाही. अंगणे, बागा गेल्या. इलिसोस नदीचे पात्रही बरेचसे रस्त्यांखाली झाकले गेले. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते, पण अरुंद गल्लीतून आकाश जेमतेम दिसत असल्याने ती सहजी बाहेर पडत नाही. अशा शहराला 'उष्णतेचे बेट' म्हणतात.

हे बेट एका तापमापकाने मोजता येत नाही. थिसियोचा पारा चढला, तर त्यात शहराचा वाटा किती आणि साऱ्या जगाच्या तापण्याचा किती, हे कसे ठरवायचे? त्यासाठी शहराबाहेरचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनबाबत तेच केले. अथेन्समध्ये मात्र ही तुलना अवघड आहे. तिन्ही बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला समुद्र. किनाऱ्यावरचे केंद्र खाऱ्या वाऱ्याने थंड राहते आणि पार्निथा डोंगराच्या उतारावरचे उंचीमुळे. त्यांच्याशी केलेल्या वजाबाकीत समुद्र आणि डोंगरही मिसळतात.

भूमध्यसागरी हवामानाची अडचण याहून मोठी. उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच; शहराबाहेरची उघडी, करपलेली जमीन सकाळपासूनच भराभर तापते. त्यामुळे उपग्रहाच्या दुपारच्या चित्रांत जमिनीचा पृष्ठभाग अनेकदा शहरापेक्षा बाहेरच अधिक तापलेला दिसतो; सूर्य मावळला की चित्र उलटते. पृष्ठभाग आणि हवा या दोन्हींचे तापमान एकत्र पडताळण्यासाठी २००९ च्या जुलैमध्ये 'थर्मोपोलिस' मोहीम झाली. उपग्रह, विमान आणि जमिनीवरची उपकरणे तिच्यात एकाच वेळी वापरली गेली.

त्याआधी, जुलै १९८७ च्या उष्णतेच्या लाटेने ग्रीसमध्ये हजाराहून अधिक बळी घेतले होते. पुढच्या दशकात मातेओस सांतामूरिस आणि सहकाऱ्यांनी अथेन्स परिसरात सुमारे ३० ठिकाणी तापमानाच्या नोंदी घेतल्या. २००१ मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष ठळक होते: मध्यवर्ती भाग आणि उपनगरे यांतला फरक १० अंशांच्याही पुढे जातो, इमारती थंड ठेवण्याचा भार दुप्पट होऊ शकतो, तर त्यासाठीची विजेची कमाल मागणी तिप्पट. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याचा खर्च मात्र वाचतो, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

२००७ च्या जूनमध्ये थिसियोला ४४.८ अंशांची नोंद झाली. तो आकडा मोकळ्या टेकडीवरचा आहे. खालच्या गल्ल्यांतल्या उकाड्याचा अंदाज त्यावरून बांधू नये.