गोल्फ मैदानाची स्थिती

गोल्फ मैदानाची स्थिती म्हणजे खेळाच्या वेळी मैदानावरील गवत, माती, ओलावा व वाळू यांची असलेली अवस्था होय. गोल्फमध्ये चेंडू सामान्यतः जसा पडला असेल तसाच खेळावा लागतो. त्यामुळे मैदान खराब असल्यास अचूक फटक्याचाही परिणाम बिघडू शकतो. अशा सर्व दोषांवर नियमांत सवलत नाही.

खेळावरील परिणाम

ग्रीन: होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. होलजवळ चेंडूचा वेग मंदावतो, तेव्हा लहानशा उंचवट्यानेही त्याची दिशा बदलते. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटर या उपकरणाने मोजतात. एकाच मैदानावरील ग्रीनचे वेग भिन्न असल्यास खेळाडूचा अंतराचा अंदाज चुकतो.

फेअरवे व रफ: ओल्या जमिनीवर चेंडू कमी घरंगळतो. चेंडूला चिखल चिकटल्यास तो कोणत्या बाजूस वळेल हे सांगणे कठीण होते. क्लब व चेंडू यांच्यामध्ये गवत आल्यास चेंडूची फिरकी घटते आणि तो ग्रीनवर लवकर थांबत नाही.

बंकर: वाळूचा थर पातळ असल्यास क्लब कठीण तळावरून उसळतो व थेट चेंडूवर आदळतो. परिणामी चेंडू ग्रीनच्या पलीकडे जाण्याचा संभव असतो.

नियमांतील तरतुदी

तात्पुरते साचलेले पाणी, दुरुस्तीखालील जमीन आणि प्राण्यांनी केलेली बिळे यांपासून दंडाविना सवलत मिळते. मात्र पेनल्टी क्षेत्रात ती मिळत नाही. २०१९ पासून ग्रीनवरील बुटांच्या खुणाही दुरुस्त करता येतात. विरळ गवत किंवा नैसर्गिक खडबडीतपणा यांवर मात्र सवलत नाही. मैदान फार ओले असल्यास आयोजक स्थानिक नियमाद्वारे फेअरवेवरील चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवण्याची मुभा देऊ शकतात.

उल्लेखनीय उदाहरणे

२००४ ची यू.एस. ओपन स्पर्धा न्यू यॉर्क राज्यातील शिनेकॉक हिल्स येथे झाली. अंतिम दिवशी सातव्या होलचे ग्रीन इतके कोरडे पडले की त्यावर चेंडू थांबेना. सुरुवातीचे खेळाडू खेळून गेल्यावर गटांच्या मधल्या वेळेत ग्रीनवर पाणी शिंपडण्यात आले. त्यामुळे आधीच्या व नंतरच्या खेळाडूंना सारखी परिस्थिती मिळाली नाही, अशी टीका झाली. त्या दिवशी एकाही खेळाडूला पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी पूर्ण करता आली नाही. स्पर्धा दक्षिण आफ्रिकेच्या रेटीफ गूसन यांनी जिंकली.

२०१५ ची यू.एस. ओपन वॉशिंग्टन राज्यातील चेंबर्स बे येथे झाली. तेथील फेस्क्यू गवताच्या ग्रीनमध्ये पोआ अ‍ॅन्युआ हे गवत शिरले होते. दोन्ही गवतांची वाढ असमान असल्याने चेंडू उसळत जात असे, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. जॉर्डन स्पीथ हे विजेते ठरले. पुढे या मैदानाच्या ग्रीनवर पोआ अ‍ॅन्युआ लावण्यात आले.

मैदान सर्वांसाठी सारखेच खराब असल्यास स्पर्धा कठीण होते, तरी तुलना शक्य राहते. स्थिती दिवसभरात बदलत गेल्यास मात्र खेळाडूच्या कौशल्याबरोबर त्याच्या खेळण्याच्या वेळेचाही निकालावर परिणाम होतो.