रविवारची सुट्टी आणि नारायण मेघाजी लोखंडे

आज रविवार, म्हणून आपण इतके जण इथे जमू शकलो. आम्ही आजचं व्याख्यान या रविवारपासूनच सुरू करणार आहोत. महाराष्ट्रातील थोर व्यक्तींची नावं सांगा म्हटलं, की दहा-बारा नावं पटकन येतात. त्यात नारायण मेघाजी लोखंडे सहसा नसतात.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचंच. पुढे मुंबईतल्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले आणि कामगारांचे हाल त्यांनी रोज जवळून पाहिले. १८८१ चा फॅक्टरी कायदा होता, पण तो मुख्यतः मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी दिवसाला नऊ तासच काम करायचं, असं त्यात होतं. मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादाच नव्हती.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले लोखंडे १८८० पासून 'दीनबंधु' चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. आज या साध्या वाटतात ना?

त्यांच्या 'मिल हँड्स असोसिएशन'ला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. म्हणून काही अभ्यासक तिला कामगार संघटना मानत नाहीत. आम्हाला वाटतं, हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. कारण एप्रिल १८९० मध्ये याच माणसाच्या हाकेला सुमारे दहा हजार कामगार सभेला आले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

१८९७ साली मुंबईत प्लेग होता. लोक शहर सोडून पळत होते. लोखंडे मात्र रुग्णांसाठी धडपडत राहिले आणि ९ फेब्रुवारीला प्लेगनेच गेले. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाईही तशाच गेल्या.

थोरांच्या यादीत कोण असावं, हे आपणच ठरवत असतो. पुढच्या रविवारी निवांत चहा घेताना हे नाव घरातल्या मुलांना जरूर सांगा.